चौदा माणसांचा ओटा
घर-दुरुस्ती : वाचक विचारतात

सिंहस्थ जवळ आला की नाशकात पाहुण्यांच्या निमित्तानं घराघरांत कामं निघतात, आणि पहिला हात पडतो तो स्वयंपाकघरावर. या वेळच्या पत्रांत निम्म्याहून जास्त पत्रं ओट्याबद्दलची निघाली. म्हणून हे सदर सगळं ओट्यालाच दिलं आहे.

प्रश्न : आमचं एकत्र कुटुंब आहे, चौदा माणसं. सकाळी पाचपासून रात्री अकरापर्यंत ओटा रिकामा नसतो. रोज तीन कुकर, पन्नासेक पोळ्या, वर भाकऱ्या. ठेचा खलबत्त्यातलाच लागतो. जुना कडप्पा काढून एल आकाराचा ओटा करायचा आहे, भिंतीकडून एक बाजू १२ फूट आणि दुसरी ८ फूट. धाकट्या जावेला पांढरा क्वार्ट्झ हवाय, सासूबाई म्हणतात ग्रॅनाइटच. काय घ्यावं?
– एक गृहिणी, मखमलाबाद

सासूबाईंचं ऐका. कारण मात्र जावेला नीट समजावून सांगा, कारण क्वार्ट्झ काही वाईट वस्तू नाही.

क्वार्ट्झच्या लादीत नव्वद टक्क्यांच्या आसपास दगडाची भुकटी असते आणि उरलेलं रेझिन, म्हणजे एक प्रकारचं प्लास्टिक. भुकटी कणखर असते, पण उष्णतेचा मार रेझिन खातं. साधारण १५० अंश सेल्सियसच्या पुढे ते पिवळं पडू लागतं. कुकरमधलं पाणी १२० अंशांच्या आसपास असतं, त्यामुळे कुकर टेकवला तर एखाद्या वेळी निभावून जातं. भाकरीचा तवा मात्र २०० च्या वर गेलेला असतो. चार माणसांच्या घरात तव्याखाली जाळी ठेवायची शिस्त पाळता येते. तिघी-चौघी एकाच वेळी ओट्यावर असतात तिथे कोणीतरी, कधीतरी, घाईत तवा टेकवणारच. त्यानंतर तो डाग निघत नाही.

ग्रॅनाइट फेल्डस्पार आणि क्वार्ट्झ या खनिजांचा. कठीणपणाच्या मोह्‌स मापावर ही दोन्ही ६ ते ७ वर येतात आणि सुरीचं पोलाद साडेपाचच्या आसपास. म्हणून ग्रॅनाइटवर सुरी चालवली तर धार सुरीची जाते, ओरखडा दगडावर उठत नाही. गरम तव्यानं त्याचा रंग बदलत नाही. (एकच जपा : तापलेल्या जागी लगेच गार पाणी ओतू नका.) रंग गडद आणि दाणा बारीक, एकसारखा घ्या. काळ्या ‘ग्रॅनाइट’ला भूशास्त्रज्ञ ग्रॅनाइट म्हणत नाहीत, तो बहुधा गॅब्रो किंवा डोलेराइट असतो, पण तो दाट असतो, तेल-पाणी कमी पितो, आणि आपल्याला तेवढंच हवं आहे. आंध्रातल्या चिमकुर्तीचा ब्लॅक गॅलेक्सी किंवा तेलंगणातल्या करीमनगरचा टॅन ब्राउन तुमच्या वापराला उत्तम. पांढरे, गुलाबी, मोठ्या दाण्याचे प्रकार दिसायला छान असतात, पण हळदीचं तेल आत ओढतात.

आता खरं महत्त्वाचं. ओटे दगडामुळे क्वचितच बिघडतात. बिघडतात ते खालच्या पोकळीमुळे, सिंकच्या कापामुळे आणि चुकीच्या जागच्या सांध्यामुळे. दगडाच्या रंगावर चार दुकानं फिरलात, तर फिटरबरोबर निदान एक तास बसा.

हिशोब असा. १२ फुटांची बाजू २ फूट रुंद, म्हणजे २४ चौरस फूट. कोपरा त्यात आलाच, म्हणून दुसऱ्या बाजूचे ८ नव्हे तर ६ फूट धरायचे : १२ चौरस फूट. एकूण ३६. कापाकापीचा तोटा धरून ४० ते ४१ चौरस फूट माल लागेल. पुढच्या कडेचं मोल्डिंग, म्हणजे कड घासून तिला आकार देणं, रनिंग फुटावर, म्हणजे नुसत्या लांबीवर असतं. ते आतल्या बाजूनं मोजायचं, म्हणजे १० अधिक ६, १६ रनिंग फूट. बिलात २० लावलं असेल तर विचारा. सिंकच्या भोकातला दगड तुमच्याच पैशाचा असतो. तो तुकडा मागून घ्या, पोळपाटाखाली किंवा कुकर ठेवायला कामाला येतो. काही दुकानांत माप तीन-तीन इंचांनी वर चढवून धरतात, २ फूट १ इंचाचे २ फूट ३ इंच होतात. हे बोलणं लादी कापायच्या आधी होऊ द्या.

जाडी १८ ते २० मिलिमीटर. १८ सांगून १६ चा माल येतो, म्हणून पट्टी घेऊन कडेला तीन ठिकाणी मोजा. २० मिलिमीटरचा ग्रॅनाइट चौरस फुटाला साधारण ५ किलो भरतो. तुमचा ओटा नुसत्या दगडाचाच १८० किलोंचा होईल. त्यावर भांडी, पिठाचे डबे, मिक्सर, आणि खलबत्त्याचे घाव. हे सगळं पेलायला खाली कडप्प्याचे उभे, म्हणजे उभ्या बसवलेल्या लाद्या, दर दोन ते अडीच फुटांवर हवेत. १२ फुटांच्या बाजूला दोन्ही टोकं धरून सहा. उभ्यांवर २५ मिलिमीटरचा आडवा कडप्पा, त्यावर १ ला ४ प्रमाणात सिमेंट-वाळूचा २० मिलिमीटरचा थर, वर सिमेंटची पातळ रबडी आणि मग ग्रॅनाइट. लादी ठेवल्यावर रबरी हातोड्यानं एका टोकाकडून दुसरीकडे ठोकत जायचं, मधली हवा निघाली पाहिजे. फिटर चारही कोपऱ्यांत आणि मध्ये सिमेंट-वाळूच्या मालाचे गोळे ठेवून वर लादी बसवायला लागला तर काम तिथेच थांबवा. गोळ्यांच्या मध्ये पोकळी राहते, आणि खलबत्त्याचा घाव नेमका पोकळीवर पडला की तडा जातो.

दोन-तीन दिवसांनी एक रुपयाचं नाणं घेऊन दर सहा इंचांवर ओटा वाजवा. भरीव जागी ‘टक’ असा तोकडा आवाज येतो, पोकळ जागी ‘डब’. तळहाताएवढी जागा डबडबत असेल तर चालवून घ्या. वीतभर असेल, आणि विशेषतः शेगडीजवळ किंवा सिंकजवळ असेल, तर लादी उचलायला लावा. मालाचं शेवटचं पेमेंट या नाण्यानंतरच करा.

सांधा एक तरी येणारच, १२ फुटांची अखंड लादी सहसा मिळत नाही आणि मिळाली तरी जिन्यातून वर चढत नाही. तो सांधा उभ्याच्या डोक्यावर आला पाहिजे. सिंकच्या किंवा हॉबच्या (ओट्यात बसवायच्या शेगडीच्या) कापावर येता कामा नये. फट १ ते २ मिलिमीटर, आणि ती दगडाच्या रंगाच्या इपॉक्सीनं भरायची. व्हाइट सिमेंट भरलं तर सहा महिन्यांत ते भुसभुशीत होऊन काळं पडतं आणि झुरळांना घर मिळतं. ओटा आणि भिंत मिळतात तिथे मात्र इपॉक्सी नको, बुरशीरोधक सिलिकॉन हवं. भिंत आणि ओटा वेगवेगळे हलतात, त्या जागी भरणही थोडं लवचीक लागतं.

पाण्याचा उतार सिंककडे, २ फुटांना ३ मिलिमीटर पुरे. फिटरला पाणसळ लावून दाखवायला सांगा. जास्त उतार दिला तर परात सरकते. पुढची कड शटरच्या (खालच्या कपाटाच्या दाराच्या) एक-दीड इंच बाहेर काढा आणि तिच्या खालच्या अंगाला, कडेपासून अर्धा इंच आत, ४-५ मिलिमीटरची खाच मारून घ्या. ओट्यावरून ओघळलेलं पाणी त्या खाचेपाशी तुटून जमिनीवर पडतं, शटरच्या प्लायला लागत नाही. पुढच्या कडेला उभी पट्टी लावून पाणी अडवायची जुनी पद्धत आहे. ती वाईट नाही, पण पोळपाट कडेपाशी आणता येत नाही आणि पोळ्या लाटताना मनगट पट्टीवर घासतं. पन्नास पोळ्यांच्या घरात ती नको.

खलबत्ता उभ्याच्या डोक्यावर येईल अशी एक जागा ठरवून टाका आणि खाली गोणपाटाची चौपदरी घडी ठेवा. जमिनीवर बसून कुटायची सवय असेल तर फारच छान.

आणि जावेसाठी : जेवण वाढायला वेगळं छोटं काउंटर असेल तर तिथे पांढरा क्वार्ट्झ खुशाल लावा. तिथे तवा येत नाही.

प्रश्न : दुकानदार सगळ्याच लाद्यांना ‘जेट ब्लॅक’ म्हणतात आणि भाव वेगवेगळे सांगतात. खरा काळा दगड ओळखायचा कसा?
– जेल रोड

काही करड्या दगडांना रंग आणि रेझिन चढवून काळं करतात. वर्षभरात लिंबाच्या आणि साबणाच्या जागी ते करडे दिसू लागतात. दुकानात जाताना खिशात चार वस्तू ठेवा : पांढरं सुती फडकं, नेलपॉलिश काढायच्या अॅसिटोनची बाटली, अर्धं लिंबू, थोडं पाणी. फडक्यावर अॅसिटोन घेऊन लादीच्या कोपऱ्यात मिनिटभर जोरात घासा. फडकं काळं झालं तर रंग चढवलेला आहे. लादीची कापलेली बाजूची कडही बघा. वरचा भाग गर्द काळा आणि कड राखाडी, असं असेल तर समजून जा. मोल्डिंग केल्यावर ती राखाडी पट्टी आयुष्यभर समोर दिसेल.

मग लिंबाचा एक थेंब पंधरा मिनिटं ठेवून पुसा. खाली फिका डाग उमटला तर दगडात चुन्याचा अंश आहे, ओट्याला नको. शेवटी पाण्याचा थेंब. पाच मिनिटांत थेंबाखालची जागा गडद झाली तर दगड पाणी पितो. या तपासणीला दुकानदार नाही म्हणाला तर दुकान बदला. आणि ज्या लादीवर तपासलं तिच्याच मागे खडूनं खूण करून ठेवा. नमुना एक आणि ट्रकमधून उतरलेला माल दुसरा, हा प्रकार नवा नाही.

प्रश्न : दोन वर्षांपूर्वी ग्रॅनाइटचा ओटा केला. सिंकच्या पुढच्या कोपऱ्यापासून कडेपर्यंत तिरकी चीर गेली आहे. फिटर म्हणतो दगडच खराब होता. खरं का? आणि आता काय करता येईल?
– सिडको

दगडाला दोष देण्याआधी सिंकच्या भोकाचा कोपरा खालून, मोबाइलचा टॉर्च लावून बघा. कटरची चकती गोल असते. दोन बाजूंचे काप काटकोनात मिळवायचे म्हणून फिटर चकती थोडी पुढे नेतो, आणि कोपऱ्यातून सुरीनं मारल्यासारखी एक बारीक रेघ बाहेर जाते. ती रेघ म्हणजेच तुमच्या चिरेचं तोंड. अणकुचीदार कोपऱ्यात ताण गोळा होतो, फाटक्या कापडासारखा दगड तिथूनच पुढे फाटतो. योग्य पद्धत अशी की चारही कोपऱ्यांत आधी ड्रिलनं गोल भोक पाडायचं आणि चकती त्या भोकापर्यंतच आणायची. कोपरा गोल राहतो, ताण विभागला जातो.

दुसरं कारण रुंदीचं. सिंकच्या पुढे दगडाची जी पट्टी राहते ती अडीच-तीन इंचांपेक्षा कमी नको. मोठा सिंक बसवायच्या हौसेनं ती दीड इंचावर येते, आणि मग भांडी घासताना कोणी त्यावर पोट टेकलं, पाण्यानं भरलेलं पातेलं आपटलं, की संपलं.

तिसरं कारण बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. सिंक ओट्याच्या खालून अडकवलेला असेल तर त्याचं वजन कोण पेलतंय ते पाहा. २४ बाय १८ इंचांचा, ९ इंच खोल सिंक काठोकाठ भरला तर त्यात साठ लिटरच्या वर पाणी मावतं, म्हणजे साठ किलोंच्या वर वजन. ते नुसत्या सिलिकॉनवर लटकत असेल तर ग्रॅनाइट रोज खाली ओढला जातो. सिंकखाली लोखंडी चौकट किंवा दोन्ही बाजूंना कडप्प्याचे उभे असलेच पाहिजेत.

दुरुस्ती होते, पण रेघ थोडी दिसत राहील, हे आधीच मनाशी धरा. क्रम महत्त्वाचा आहे : आधी आधार, मग भरणी. उलट केलं तर चीर महिन्याभरात पुन्हा उघडते.

एक दिवस सिंक बंद ठेवा. खालून, चिरेच्या दोन्ही अंगांना धरेल असा स्टेनलेस स्टीलचा एक इंची चौकोनी पाइप किंवा लोखंडी अँगल बसवा आणि त्याची टोकं उभ्यांवर टेकवा. दगड एका बाजूला खचला असेल तर खालून हळू पाचर मारून दोन्ही बाजू सपाट आणा. नख फिरवलं की पायरी लागता कामा नये. चिरेतलं तेल-साबण थिनर लावलेल्या जुन्या टूथब्रशनं काढा. थिनर पूर्ण उडून वास गेला की मगच हेअर ड्रायरनं फट वाळवा, ओलावा राहिला तर इपॉक्सी धरत नाही. दोन्ही कडांना मास्किंग टेप लावा. दोन ट्यूबचं इपॉक्सी पुडीवर लिहिलेल्या प्रमाणात मिसळून त्यात काळ्या रंगाची चिमूट घाला आणि पत्र्याच्या पातीनं आत दाबा. ते चामड्यासारखं घट्ट झालं की दाढीच्या ब्लेडनं वरचं तासून टेप काढा. पूर्ण कडक व्हायला चोवीस तास द्या, त्याआधी पाणी नाही. नाशिकच्या डिसेंबर-जानेवारीतल्या थंडीत हे काम दुपारी करा, गारठ्यात इपॉक्सी उशिरा धरतं.

प्रश्न : पांढऱ्या क्वार्ट्झच्या ओट्यावर शेगडीजवळ पिवळसर गोल डाग पडला आहे आणि हळदीचे ठिपके वेगळेच. घासून घासून हात दुखले.
– गंगापूर रोड

घासणं आधी थांबवा. तारेची घासणी किंवा भरड पावडर वापरलीत तर डागाशेजारी चमक गेलेला पट्टाही दिसेल, आणि तो डागापेक्षा वाईट दिसतो.

दोन्ही डाग वेगळे आहेत. हळदीचा रंग उजेडापुढे टिकत नाही. खायचा सोडा पाण्यात कालवून त्याचा लेप दहा मिनिटं ठेवा, मऊ फडक्यानं पुसा, आणि खिडकीतून उजेड येत असेल तर ठिपके चार-आठ दिवसांत बरेच फिके होतात. घाई असेल तर औषधाच्या दुकानातलं ३ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड कागदी रुमालावर घेऊन डागावर अर्धा तास ठेवा, मग भरपूर पाण्यानं पुसा. आधी कोपऱ्यात करून बघा. ब्लीच मात्र नको, रेझिनची चमक जाते.

शेगडीजवळचा गोल डाग भाजल्याचा असेल तर तो वर नाही, आत आहे. रेझिनच करपलं आहे. नखाला काही लागत नसेल आणि सोड्याच्या लेपानं तसूभर फरक पडत नसेल तर त्यावर पैसे घालवू नका. शेगडीच्या दोन्ही बाजूंचा दीड-दीड फुटाचा पट्टा कापून तिथे काळा ग्रॅनाइट बसवून घ्या. जाडी क्वार्ट्झइतकीच घ्यायची, नाहीतर पायरी पडते, सांध्याला सिलिकॉन. पांढऱ्याच्या मध्ये काळा पट्टा ठरवून केल्यासारखाच दिसतो.

शेगडीच्या मागेही लक्ष ठेवा. मोठं बुडाचं पातेलं बर्नरवर चढवलं की ज्योत बाहेर फाकते आणि पातेल्याखालची उष्णता खालच्या ओट्यावर आदळते. लग्नाच्या घरात पुरणाचं पातेलं तासभर शिजत राहिलं तर मार बसतो तो इथेच. पातेलं शेगडीच्या बाहेर डोकावत असेल तर ते काम अंगणातल्या चुलीवर न्या.

प्रश्न : बोअरच्या पाण्यानं नळाभोवती पांढरा थर धरतो. बाथरूमचं अॅसिड लावलं तर थर गेला, पण काळा ग्रॅनाइट त्या जागी धुरकट झाला.
– नाशिक रोड

थर क्षारांचा, मुख्यतः कॅल्शियमचा. अॅसिडनं तो जातो, पण पॉलिशही जातं, आणि दगड रंग चढवलेला असेल तर रंगही. गंज काढायच्या काही द्रावणांत हायड्रोफ्लोरिक आम्ल असतं, ते तर ग्रॅनाइटलाही खातं. ओट्याच्या आसपास आणू नका, हातालाही घातक आहे.

थर अंगचा नाही, वर बसलेला आहे, म्हणून तो खरवडून काढायचा. जागा ओली करा, दाढीचं नवं ब्लेड अगदी आडवं धरून हलक्या हातानं ढकला. पापुद्रे निघतात. ग्रॅनाइटला ओरखडा येत नाही. क्वार्ट्झवर, संगमरवरावर आणि कडप्प्यावर हे करू नका. धुरकट जागेला घरगुती इलाज नाही, पॉलिशवाल्याला बोलवून तेवढ्या भागावर पाण्याच्या पॅडनं पॉलिश पुन्हा चढवून घ्या. ओट्याला मेण किंवा तेल लावून चमक आणायचा प्रयत्न करू नका, त्यावर पीठ बसतं.

पुढचं सोपं आहे. नळाच्या बुडाशी पाणी साचतं म्हणून थर धरतो. बुडाचा वॉशर बदला, आणि रात्री शेवटचं भांडं झालं की नळाभोवती कोरडं फडकं फिरवा.

प्रश्न : शेतावरच्या घरामागे द्राक्षाच्या हंगामात मजुरांचा स्वयंपाक होतो. तिथे उघड्यावर ओटा करायचा आहे. कडप्पा स्वस्त पडतो, चालेल का?
– निफाड

चालेल, तिथे तोच बरा. कडप्पा म्हणजे काळा चुनखडक. लिंबू, चिंच, ताक सांडलं की डाग पडणार, पण शेतावरच्या ओट्याला कोण बघतं? ३० मिलिमीटर जाडीचा घ्या, वरची बाजू खूप गुळगुळीत नको, ओल्या हातानं भांडं सरकतं. उभ्यांऐवजी विटांच्या भिंती बांधा, दर दोन फुटांवर. चूल ओट्यावर करणार असाल तर चुलीखाली कडप्पा अजिबात नको, जाळानं त्याचे पापुद्रे उडतात; तेवढा भाग विटा आणि मातीचा ठेवा.

क्वार्ट्झ उघड्यावर कधीच लावू नका, उन्हानं रेझिन पिवळं पडतं. थोडे पैसे जास्त गेले तरी चालत असतील तर लेदर फिनिशचा काळा ग्रॅनाइट लावा, तो तुमच्या नातवंडांपर्यंत टिकेल. लेदर फिनिशच्या खळग्यांत पीठ आणि तेल अडकतं, घरातल्या ओट्याला म्हणून ते आम्ही सुचवत नाही. बाहेर पाइप लावून धुता येतं.

प्रश्न : आपला नाशिकचा काळा दगड एवढा मजबूत, काळाराम मंदिर त्याचंच. मग ओट्याला आंध्रचा दगड कशाला?
– सिन्नर

मंदिर मोठमोठ्या घडीव चिऱ्यांचं असतं, ओट्याला २० मिलिमीटरची आठ फुटी लादी लागते. आपला काळा दगड म्हणजे बेसाल्ट, तो लाव्हा थंड होताना जागोजाग फुटलेला असतो, एवढी अखंड लादी निघणं अवघड. शिवाय त्यात वायूच्या बुडबुड्यांची भोकं राहिलेली असतात. त्या पोकळ्यांत पुढे झिओलाइटचे स्फटिक वाढले, तुमच्याच गावच्या गारगोटी संग्रहालयात ते बघायला मिळतात. संग्रहालयात ती भोकं कौतुकाची, ओट्यात खरकटं अडकायची. बेसाल्ट पाट्या-वरवंट्याला आणि जात्याला मात्र अस्सल.

प्रश्न : स्टीलचा ओटा करायचा आहे. फॅब्रिकेटर चुंबक लावून दाखवतो, चिकटलं नाही म्हणजे ३०४ म्हणतो.
– सातपूर

चुंबकानं ते कळत नाही. स्वस्तातलं २०० मालिकेचं स्टीलही चुंबकाला धरत नाही, आणि ३०४ सुद्धा वाकवलेल्या जागी थोडं धरतं. तपासायचे थेंब मिळतात, एक थेंब टाकून रंग बघायचा असतो. ते करून घ्या आणि बिलावर ‘३०४’ असं लिहून घ्या. २०० मालिकेच्या स्टीलवर मिठाचं पाणी आणि लोणच्याचा खार राहिला की ठिपक्यांचा गंज येतो. पत्रा १६ किंवा १८ गेजचा, खाली १८ मिलिमीटरचा बीडब्ल्यूपी (उकळत्या पाण्यातही टिकणारा) प्लाय, ज्यावर आयएस ७१० चा शिक्का असतो तो. प्लायशिवाय नुसता पत्रा लावला तर प्रत्येक डबा ठेवताना ढोल वाजतो. ओरखडे येणारच, ते वर्षभरात एकमेकांत मिसळून जातात.

प्रश्न : सासूबाई ४ फूट १० इंच, मी साडेपाच फूट. एकच ओटा. उंची किती ठेवावी?
– पंचवटी

उभं राहून कोपर काटकोनात वाकवा, कोपरापासून जमिनीपर्यंत मोजा आणि त्यातून चार-पाच इंच वजा करा. सासूबाईंची उंची ३२ इंचांच्या आसपास येईल, तुमची ३६-३७. सगळीकडे ३४ ठेवलं तर दोघींचीही पाठ थोडी थोडी दुखेल. ओटा दोन बाजूंचा असेल तर शेगडीची बाजू ३२ ठेवा, कारण ओट्यावर ठेवायच्या शेगडीचे पाच-सहा इंच वर मिळतातच, आणि सिंक व चिरण्याची बाजू ३६. सिंक उंच असावा, भांडी घासताना हात त्याच्या तळापर्यंत खाली जातो. मधली चार इंचांची पायरी कोपऱ्यात द्या, तिची उभी बाजू त्याच दगडाची करा आणि तिथल्या सांध्यात सिलिकॉन भरा, नाहीतर वरचं पाणी खालच्या प्लायमध्ये उतरतं.

गवंड्याला उंची सांगताना ‘तयार ओट्याची’ असा शब्द वापरा. आडवा कडप्पा, माल आणि ग्रॅनाइट मिळून अडीच इंच वर चढतात, आणि ‘३२ सांगितलं होतं ना’ म्हणत तो उभेच ३२ चे कापून मोकळा होतो. उभे साडेएकोणतीस इंचांचे आले पाहिजेत, तेही जमिनीची नवी फरशी बसल्यानंतर मोजलेले.